हार्लनकाकांचा पंजा

टिनकप तळं, मिनेसोटा
एप्रिलअखेर (अंगात अजून लोकरीची बंडी)

तीर्थरूप इंगामावशीस,

तुझ्या आर्डिसचा साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गुडघा धरला आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घे. पत्रास कारण की मी संतापले आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाहीतर आपल्या गावच्या रीतीप्रमाणे तू समजशील, की हवापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत आणि खरा मुद्दा शेवटी, दाराशी कोट चढवता चढवता येईल. (तो तसाच येईल. पण राग पहिल्यापासून होता, एवढं ध्यानात ठेव.)

तुझी कंबर कशी आहे? ॲरिझोनाचं ऊन लागून ती सुटली असेल अशी आशा आहे, आणि सुटली असेल तर ती इथे यायला आता काही हरकत दिसत नाही. तू ईस्टरच्या कार्डावर लिहिलंस, की तिथे सकाळी नुसत्या सुती झग्यावर अंगणात बसून कॉफी पितेस आणि समोर निवडुंगाला फूल आलं आहे. ते कार्ड ऑर्विल टॉफ्टेच्या बायकोने चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. बाहेर तेव्हा आडवा बर्फ पडत होता. सगळे 'छान, छान' म्हणाले. त्या 'छान'मध्ये किती विष होतं ते इथे असतीस तर कळलं असतं. पण कार्डाचं शेवटचं वाक्य तुला आठवतं का? मी आठवण देते. 'तळ्यावरचा बर्फ गेला की येतेच, कुठल्याही दिवशी येऊन टपकेन.' या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे, आणि येताना हातात बटाट्याची लेफ्से-पोळी लाटायचं लाटणं असेल.

इकडचं क्षेम विचारशील तर आमचा घरधनी लॉयड बरा आहे. निदान तसं दिसतं. त्याला विचारलं तर 'वाईट नाही' म्हणतो, आणि गेल्या हिवाळ्यात छपरावरून पडला तेव्हाही खालून हेच म्हणाला होता. बाकी क्षेम वगैरे काही नाही. तळ्याचा सत्यानाश चालला आहे, तोही अत्यंत सभ्यपणे, आणि त्यात माझा हात आहे, तुझं भांडं आहे आणि हार्लनकाकांचा पंजा आहे. सविस्तर सांगते.

उत्तरेची ती उथळ खाडी तुला माहीतच आहे (जिथल्या चिखलात तुझा एक बूट कायमचा राहिला). तळाशी काळा गाळ असल्याने ती सगळ्या तळ्याआधी तापते. भर तळ्यात अजून बर्फाच्या लाद्या एकमेकींना ढुशा देत असतात, आणि त्या खाडीत मात्र ऊन धरलेलं पाणी असतं. मग हिवाळाभर खोल पाण्यात उपाशी पडलेले क्रॅपी आणि ब्लूगिल, म्हणजे आपले तव्यात मावणारे सगळे मासे, तिथे येऊन दाटी करतात. बिचारे अजून पेंगत असतात. बारीकशा गळाला एक अळी लावून अगदी हळू, लोणी वितळावं तशी खाली सोडली, की दोराला बांधलेला पाण्यावरचा तांबडा गोळा नुसता आडवा होतो. माणसाने सहा महिने बर्फाला भोक पाडून त्यात डोळे लावलेले असतात, त्यामुळे मोकळं पाणी दिसलं की आपली सगळी वस्ती चर्चला दांडी मारून तिथे हजर. यात गैर काही नाही. मीही असते.

पण त्यातले ब्लूगिलचे जे मोठे नर आहेत ना, तांब्याच्या रंगाचं डोकं आणि केशरी छातीचे, ते मे महिन्याच्या शेवटी घरटी करतात. शेपटीने वाळू झाडून खळगा करायचा, मादीने अंडी घातली की त्याच्यावर पहारा द्यायचा, कुणी आलं की अंगावर धावून जायचं. (आपल्याकडच्या पुरुषांनी घरासाठी इतकं केल्याचं ऐकिवात नाही.) हे मोठे नर गेले की काय होतं, ते पलीकडच्या बर्च तळ्यावर जाऊन बघ. तिथे एके काळी ताटभर मासा मिळायचा. पहिल्या वसंतातच मोठे मोठे निवडून काढले. डोक्यावर कुणी बाप्या उरला नाही म्हटल्यावर पोरं वाढायची थांबली आणि मिसरूड फुटायच्या आत थेट बाप झाली. आता त्या तळ्यात हजारो मासे आहेत आणि एकेक बिस्किटाएवढा. कढईत टाकला तर कुरकुरीत होतो, पण तो मासा नाही, ती चकली. एकदा असं झालं की तळं परत येत नाही. निदान माझ्या हयातीत येणार नाही, आणि मला टिनकपची चकली झालेली बघायची नाही. म्हणून मी भांडते आहे. ही खाडी सोडून या पंचक्रोशीत खरा ब्लूगिल कुठेच उरलेला नाही.

जानेवारीत आपल्या तळं-संघाची सभा झाली. मत्स्यखात्याकडून माई वांग नावाची मुलगी आली होती. हुशार मुलगी. तिच्या घरचे सगळे आपल्याच तळ्यावर मासे धरतात. तिने सगळं चित्रं काढून समजावलं. दिवसाला पाचच मासे हा सरकारी नियम आता झालाच आहे, पण पाचही मोठे नेलेत तर नियमाचा उपयोग काय? मोठे सोडा, मधले खा. इतकं सोपं. बरोबर तिने आईच्या हातचे तळलेले मासे आणले होते, गवती चहा आणि मिरची लावून. ऑर्विलने एक तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाला, 'वेगळंच आहे हं,' आणि नंतर चार खाल्ले.

मग मी उभी राहिले आणि म्हटलं, मोठा म्हणजे किती मोठा ते ठरवा. प्रत्येक नावेत एक पट्टी ठेवा आणि धक्क्यावर खुणेची फळी ठोका. मावशी, तळघरात कॉफीचं यंत्र एकटंच गुरगुरत राहिलं. ऑर्विल अध्यक्ष. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'पट्टी,' तो म्हणाला. 'पट्टी म्हणजे जरा... वेगळंच आहे हं.' माशाच्या बाबतीत हा शब्द चालतो, पण माणसाला उद्देशून 'वेगळंच आहे' म्हणजे आपल्याकडे काय, ते तुला सांगायला नको. दुसऱ्या गावात याला जोड्याने मारणं म्हणतात.

'एकमेकांवर विश्वास नाही असं दिसेल ना, आर्डिस,' तो पुढे म्हणाला. 'शेजारी शेजाऱ्याच्या नावेत पट्टी बघतोय. बरं दिसेल का ते?'

सगळे कपात बघू लागले. मग ऑर्विलला साक्षात्कार झाला. त्याने स्वतःचा हात वर केला आणि म्हणाला, 'पट्टी देवाने प्रत्येकाला दिलेलीच आहे! मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपल्या पंजापेक्षा मोठा मासा लागला की पाण्यात परत. झालं!' आपला हात जगन्नाथ. टाळ्या पडल्या. ठराव मताला टाकला. विरोध करणं बरं दिसत नाही म्हणून मीही हात वर केला. (भीड ही भिकेची बहीण असते, आणि आपल्या गावात ती बाराही महिने पाहुणी आलेली असते.) आणि त्याच क्षणी, इतके सगळे हात एकदम वर असताना, मला एक गोष्ट दिसायला हवी होती. मागच्या रांगेत कोठाराच्या दारासारखा एक हात वर गेला होता आणि त्याच्या सावलीत दोन माणसं बसली होती. हार्लन ब्रेक्के. आपले हार्लनकाका.

जन्मभर गाईंचं दूध काढून माणसाचे हात असे होतात की ते तसेच जन्मले, ठाऊक नाही. त्यांनी हस्तांदोलन केलं की आपला हात थोड्या वेळाने परत मिळतो. दुकानात त्यांच्या मापाचे हातमोजे येत नाहीत. आणि या माणसाला आपण सर्वानुमते सांगितलं, की तुझ्या पंजात मावेल तो मासा घेऊन जा!

एप्रिलमध्ये बर्फ गेला. त्याच दुपारी हार्लनकाकांची हिरवी, चपट्या बुडाची नाव खाडीत. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. पाऊस असो, वारा असो, गारा असोत. मी धक्क्यावरून दुर्बीण लावली. (पक्षी बघत होते. कुणी विचारलं तर पक्षी.) मावशी, त्या माणसात दोष काढायला जागा नाही, हाच माझा मुख्य आरोप आहे! गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच चेपून ठेवलेला, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. माशाला शिवण्याआधी हात त्या बर्फगार पाण्यात भिजवणार, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. पोट फुगलेली मादी लागली की अलगद सोडून देणार, वर तिची माफी मागणार. बारका लागला की 'जा बाळा, वाढ' म्हणून परत. आणि मग तो केशरी छातीचा, ताटभर, तळ्याचा राजा लागला, की त्याला तळहातावर आडवा ठेवणार, पाळण्यात मूल ठेवावं तसा. मधल्या बोटाचं टोक शेपटीच्या अर्धा बोट पुढेच. 'बसतो की,' म्हणणार, आणि राजा टोपलीत. असे पाच. मोजून पाच, सहावा नाही. बाकी आपण सगळे सामान्य पंजाचे लोक मोठा मासा लागला की हळहळत पाण्यात सोडतो, आणि आपण सोडलेला मासा दुसऱ्या दिवशी हार्लनकाकांच्या पंजात बसतो. तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने? नियम मोडणाऱ्याला पकडता येतं. नियम पाळणाऱ्याचं काय करायचं ते मला कुणी तरी सांगा!

आणि हे सगळं सहन केलं असतं, पण त्यांनी मला त्यात सामील करून घेतलं. पहिल्याच संध्याकाळी दारात उभे. हातात आइस्क्रीमची जुनी बादली, आत काटे काढून स्वच्छ केलेल्या माशांच्या तुकड्या. 'जरा जास्त झालेत,' म्हणाले. मी रीतीप्रमाणे म्हटलं, 'नको नको.' ते म्हणाले, 'अगं घे.' मी म्हटलं, 'तुम्हालाच ठेवा.' ते म्हणाले, 'मला एकट्याला कशाला?' तिसऱ्यांदा मी म्हटलं, 'बरं, आता आणलेच आहेत तर.' आता बादली रिकामी परत करायची नाही, हे मला कुणी शिकवलं? तू. मग मी गेल्या वर्षीचे गोठवलेले रूबार्बचे आंबट देठ काढून त्यांच्या वड्या केल्या आणि त्या घालून बादली परत पाठवली. वड्या भरलेली बादली बघून हार्लनकाकांना वाटलं, आता आपलं देणं राहिलं. दुसऱ्या दिवशी मासे. मग माझं देणं राहिलं. वड्या. मग मासे. मावशी, या तळ्याच्या राजघराण्याचा निर्वंश माझ्या रूबार्बवर चालला आहे! आणि मासे काय वाईट लागतात? लॉयड तीन तीन तुकड्या खातो आणि वर ढेकर देऊन 'वाईट नाही' म्हणतो. मी राजहत्येचे घास गिळते आणि मीठ मागते.

शेवटी परवा तळपायाची आग मस्तकात गेली. मे जवळ आला. अजून थोडे दिवस हे असंच चाललं, तर घरटी करायला खाडीत कुणी उरणार नाही. मी ठरवलं, आता भीड नाही. काय बोलायचं ते लॉयडसमोर म्हणून बघितलं (तो 'हं' म्हणाला), बादली घासून पुसून घेतली, आणि मावशी, रिकामी घेऊन निघाले. होय, रिकामी. एकही वडी नाही. आपल्या गावात उघड्या तोंडाने याहून मोठी शिवी कुणी दिलेली नाही.

हार्लनकाकांनी दार उघडलं, बादलीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला.

'आर्डिस, घरी सगळं ठीक ना गं? लॉयड आहे ना?'

'आहे.'

'बसला आहे ना नीट? की निजला आहे?'

'अहो काका, धडधाकट आहे! मी भांडायला आले आहे.'

'असं होय,' ते म्हणाले आणि जिवात जीव आला त्यांच्या. 'मग आत ये की. कॉफी घेतेस?'

'नको.'

'थोडीशी?'

'नको, मी रागात आहे.'

'झालेलीच आहे कॉफी.'

'बरं, झालेलीच आहे तर.'

स्वयंपाकघरात बसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीत लक्ष गेलं. तिथे एक निळ्या झाकणाचं काचेचं भांडं होतं. घासून इतकं लख्ख केलेलं, की त्यातून पलीकडचं तळं दिसत होतं. खाली पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलेली, तुझ्या अक्षरात 'इंगा'. चर्चच्या जेवणावळीत हरवू नये म्हणून तू लावतेस ती. शेजारच्या ताटलीत त्या दिवशीचे पाच मासे, साफ करून, ओल्या फडक्याखाली.

'हे मावशीचं भांडं ना?'

'हो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भट्टीत भाजलेली हॉटडिश आणली होती तिने. दुसऱ्याच दिवशी गेली ना ती ॲरिझोनाला.'

'म्हणजे ऑक्टोबरपासून इथे आहे? माझ्याकडे द्यायचं की!'

'रिकामं?' हार्लनकाका म्हणाले. आणि त्यांनी माझ्या बादलीकडे असं पाहिलं, की वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.

ते स्वतःहून बोलत नाहीत हे तुला माहीत आहे, पण बहुधा भांडायला आलेल्या बाईला काही तरी सांगितलं पाहिजे असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, 'येणार आहे ना ती. कुठल्याही दिवशी. तसं लिहिलंय तिने, वाचून दाखवलं ना चर्चमध्ये. आली की भांडं द्यायचं. मासे ताजे हवेत. कालचे कसे घालणार तिच्या भांड्यात?'

'म्हणून तुम्ही रोज...'

'संध्याकाळपर्यंत वाट बघतो. नाही आली तर मग तुम्हा लोकांना वाटतो. वाया कशाला घालवायचे?'

'पण मग एवढे मोठेच कशाला, काका?'

'इंगाच्या भांड्यात बारकं काय घालायचं?' ते म्हणाले, जसं काही मीच वेडी.

तर मावशी, आता आलं लक्षात? मी शब्द दिला होता त्याप्रमाणे लाटणं घेऊन परत आले आहे. 'कुठल्याही दिवशी येऊन टपकेन!' अगं, ही काय तारीख झाली? ही तर धमकी झाली. तू निवडुंगाचं फूल बघत झग्यावर बसून एक वाक्य खरडलंस, आणि इथे एक सत्तर वर्षांचा माणूस प्रत्येक दिवस हा तोच दिवस समजून पहाटे उठतोय, दाढी करतोय (हो, रोज), आणि तुझ्या एका भांड्यासाठी तळ्यातले राजे एकेक करून उचलतोय. रोज पाच. तू जेवढी उशिरा येशील तेवढी खाडी रिकामी. तू पुढच्या महिन्याच्या शेवटी उगवलीस तर भांड्यात घालायला ताजे मासे असतील, फक्त तळ्यात नसतील.

मी म्हटलं, 'काका, तारीख विचारा ना तिला. फोन करा.'

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तुझं वजन विचारायला सांगितलं. 'छे. घाई केल्यासारखं दिसेल.'

घाई! हा माणूस चर्चमध्ये दर वर्षी एक बाक पुढे सरकतो आहे. सगळ्या गावाने पाहिलं आहे, कुणी बोललेलं नाही. (बाक बदलणं म्हणजे आपल्याकडे धर्म बदलण्यासारखंच, हे मी तुला सांगायला नको.) या गतीने ते तुझ्या बाकापाशी पोचतील तोवर आपल्यापैकी कुणीही उठून स्तोत्र म्हणण्याच्या स्थितीत नसेल.

मग मात्र मी सगळं बोलले. बर्च तळं, ती चकली, घरटी, पहारा, सगळं. आवाज चढला असेल माझा. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला (साखरेची बरणी हलली) आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसं त्याच्याकडे बघत राहिले.

'ऑर्विल म्हणाला होता, आपापला पंजा.'

'तुमचा पंजा पंजा नाही, काका. ते फावडं आहे!' निघून गेलं तोंडातून. मी लगेच जीभ चावली. ते रागावले नाहीत. हात उलटा करून बघितला.

'मग कुणाच्या पंजाने मोजू?'

'ऑर्विलच्या पंजाने मोजा.'

'ऑर्विलच्या नको,' ते म्हणाले. (ऑर्विलने त्यांची शिडी नेली आहे. परत आलेली नाही.)

'मग माझ्या.'

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. 'तुझा जरा... वेगळाच आहे.' झाली की नाही परतफेड?

मग खिडकीबाहेर बघत, कानाच्या पाळ्या लाल करून, ते म्हणाले, 'इंगाचा पंजा लहान आहे. तिच्या पंजाने मोजायचं ठरलं, तर मी मोजीन.'

मावशी, मी भांडायला गेले होते आणि माझे शब्द संपले. हे माझ्याबाबतीत पहिल्यांदाच झालं, लॉयडला सांगितलं तर त्याने चक्क पेपर खाली ठेवला. मी गुडघ्यावर थाप मारून 'चला तर मग' म्हटलं, नेहमीप्रमाणे दाराशी अर्धा तास उभं राहून हवेबद्दल बोललो, आणि निघताना त्या माणसाने माझ्या हातातली बादली काढून घेतली, फडक्याखालचे पाचही मासे तिच्यात घातले आणि परत हातात दिली. 'रिकामी कशी नेशील?' म्हणाले. तर अशी मी युद्धाला गेले आणि कालवण घेऊन परत आले. काल लॉयडच्या हातून वड्या भरून बादली पाठवली. राग राग म्हणून रीत थोडीच सोडता येते?

तुला दोष देत नाही. (देते आहे.) माझं म्हणणं एवढंच, की माणसाने लिहिताना जपून लिहावं, वाचणाऱ्यांमध्ये हार्लनकाकांसारखे अक्षरशः वाचणारे असू शकतात. तब्येतीला जप, उन्हात टोपी घाल, आणि निवडुंगाला माझा अजिबात नमस्कार सांगू नकोस. माझं तुझ्याकडे मागणं काहीच नाही.

सदैव तुझीच आणि सध्या फार चिडलेली,
आर्डिस

ता. क. मागणं एकच आहे. या कागदाची मागची बाजू मी मुद्दाम कोरी सोडली आहे. तिच्यावर तुझा उजवा पंजा ठेव, बोटं जुळवून, आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढून उलट टपालाने धाड. मनगटाची रेघ प्रामाणिकपणे दाखव. नखं कापून. तू अजून लहान मुलींच्या कप्प्यातले हातमोजे घेतेस हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. माई वांगला मी फोनवर अंदाज सांगितला, तर ती म्हणाली, याहून चांगलं माप मागायची सरकारची हिंमत झाली नसती. पुढच्या सभेत मी हा कागद ऑर्विलच्या नाकासमोर धरणार आहे.

ता. क. २. आणि तारीख. तारीख म्हणजे आकडा आणि पुढे महिना. 'बघू' नव्हे, 'पुढेमागे' नव्हे, 'देवाच्या मनात असेल तेव्हा' नव्हे. देवाला मासे धरायचे नाहीत.

ता. क. ३. मी कुणाची वकिली करते आहे असा गैरसमज नको. तू त्या बाकावर एकटी बसलीस काय किंवा सरकून जागा दिलीस काय, मला मासे वाचल्याशी काम. शिवाय मी त्यांना लहानपणापासून काकाच म्हणत आले आहे, म्हणजे माझ्याकडून तसा बदल करण्यासारखं काही नाही.

ता. क. ४. पाकीट चिकटवत होते आणि दार वाजलं. हार्लनकाका. हातात बादली. मी सवयीने 'नको नको' म्हणाले आणि आत बघितलं, तर बादली रिकामी होती. घासलेली, पुसलेली, रिकामी. मावशी, उभ्या जन्मात माझा इतका सुंदर अपमान कुणी केलेला नाही.

'आज मोठेच लागले,' ते म्हणाले. 'सोडले.'

'कशाने मोजलेत?'

'अंदाजाने. तिचा पंजा आठवून.'

मी विचारलं, इतका नीट आठवतो का. तर म्हणाले, 'वाईट नाही.' तेव्हा मी त्यांना या कागदाची युक्ती सांगितली, पेन्सिलीची रेघ वगैरे. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, टोपी काढली, आतून तपासली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, 'नावेत कागद भिजतो,' आणि पायऱ्या उतरून गेले.

बरोबर आहे त्यांचं. कागद राहू दे, मावशी. हात घेऊन ये.